पस्तीस

दिवसभर मी पाण्यातलं मीठ काढतो.
हाच धंदा. दर्यापूर रोडवर टिनाचं शेड,
आत तीन मेंब्रेन, एक घरघरणारी मोटर
आणि वीस लिटरच्या निळ्या कॅनांची रांग.
आमच्या खारपाणात विहिरीचं पाणी असं
की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही,
आणि घरांच्या भिंती गुडघ्यापर्यंत पांढऱ्या.

आता रात्री शटर ओढून घरी येतो
आणि त्याच गाळलेल्या पाण्यात मीठ घालतो.
विकतचं. नागपूरहून, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आलेली बादली.
किंमत रंजूला निम्मीच सांगितली आहे.

रूपराव म्हणाला, "येडा झाला का बे?
हिरीचं पानी खारंच हाय, तेच टाक ना."
मी मीटर काढलं. विहीर: तीन हजार.
मग ड्रममध्ये बुडवलं, तर मीटरचे आकडेच संपले.
आपलं खारं म्हणजे बिघडलेलं गोड, रूपराव.
समुद्र मापात खारा असतो,
हजारात पस्तीस.
दहावीला गणितात मीही पस्तीसवरच निघालो होतो,
म्हणून आकडा डोक्यात बसला.

स्टँड नितनवरे वेल्डरनं केला,
बंडीचा आस जोडतो तितक्याच मन लावून.
काच अकोटची.
दगड वीस किलो, कोरडे,
आणि एकच ओला, पेपरात गुंडाळलेला, घामेजलेला.

मग काहीच नाही.

बाजारातून एक मेलेला झिंगा आणून सोडला, कुजायला.
रंजूनं तीन दिवस नाकाला पदर लावला.
"जगवाले आनलं का सडवाले?"
दोन्ही, म्हटलं. आधी विष होऊ द्यायचं,
मग ते खाणारे येतात, डोळ्यांना न दिसणारे,
मग त्यांचं उरलेलं खाणारे.
नळीतला थेंब हिरवा. गडद हिरवा. हिरवाच.
एकतिसाव्या दिवशी पिवळा.

लोक येऊन गेले.
चार फूट पाणी, तळाशी दगड, दगडांवर तपकिरी धूळ.
"मासोया कुठी हायेत?"
नितनवरे खुर्ची ओढून वीस मिनिटं बसला,
उठताना म्हणाला, "लेव्हलमधे हाय."
त्यानं फक्त स्टँड पाहिला होता.

मे लागला. बाहेर पंचेचाळीस.
दुपारी लाईन गेली की इन्व्हर्टर,
इन्व्हर्टर दमला की गोळेवाल्याचा बर्फ,
बाटल्यांत कोंबून पाण्यावर तरंगता.
रोज दोन बोटं पाणी उडून जायचं.
उडतं ते नुसतं पाणी. मीठ जात नाही.
म्हणून भर घालायची ती गोड्याचीच.
हे मला विचारून विचारून कळलं,
आणि या जमिनीनं तर ते जन्मापासून दाखवलं होतं:
पाणी निघून गेलं,
मीठ थांबलं,
आम्हीही.

परवा रात्री सगळे दिवे घालवून
टॉर्चला लाल पन्नी लावून पाहत होतो.
त्या एका ओल्या दगडाच्या भोकातून
एक हात आला.
शिवणाच्या दोऱ्याएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा.
मग दुसरा. चाचपत.

मी अजून जिवंत काहीच आणलं नव्हतं.
याचं बिल नव्हतं कुठे.
बिनतिकिटाचा, डिक्कीत बसून आलेला,
झिंग्याच्या सडण्यात महिनाभर
दगडाच्या पोटात दम धरून राहिलेला.

रंजूला उठवलं.
ती काचेशी उकिडवी बसली,
विहिरीच्या पाण्यानं धुतलेले केस अजून चिकट.
बराच वेळ बोललीच नाही.
मग बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं.
"याले आवडते हे?"
"लागते," म्हटलं.

हात आत गेला.
आम्ही तसेच बसून राहिलो, पुन्हा येतो का पाहत.
सकाळी सहाला कॅनवाले येणार होते.