त्रेचाळिसावी रांग

मे महिना, अमळनेर, पारा सेहेचाळीसवर.
भूशास्त्र विभागात उरलो दोघं: मी, आणि शिपाई उखाजी.
तिसरा टेबलावर पडलाय, उजव्या कुशीवर,
वीतभर लांब, शेपटीचं टोक तुटलेलं,
सतरा कोटी वर्षं कूस न बदलता.

बाविस्कर सरांनी तो सिरोंच्याहून आणला, एकाहत्तर साली,
एस.टी.त, मांडीवर, टॉवेलात गुंडाळून.
चिठ्ठीवर निळ्या शाईत दोन शब्द: 'मासा. नंतर.'
ते नंतर काही आलं नाही.
सर गेले. कपाटाची किल्ली तीनदा हरवली.
विभाग बंद पडता पडता दोनदा राहिला.

आमच्या खान्देशातला दगड काळा, आगीतून आलेला.
विहीर खणा, पूल बांधा,
गारगोटी निघेल, मासा निघायचा नाही.
म्हणून मुलं विचारतात, मॅडम, हा खरा आहे का?
मी म्हणते, लांबून आलेला पाहुणा आहे,
हळू बोला.

दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेली सुई.
एक कण, एक फुंकर.
खवले शंकरपाळ्यांसारखे, कडेला कड लावून,
घाई नसलेल्या गवंड्यानं फरशी बसवावी तसे.
ठाऊक असलेल्या जातींत रांगा छत्तीस, अडतीस,
फार तर चाळीस.
माझ्या त्रेचाळीस.
पुन्हा मोजल्या: बेचाळीस.
डोळ्यात घाम. चहा. पुन्हा: त्रेचाळीस.

तीन रांगांवर नवी जात ठरत नाही.
कोलकात्याच्या तज्ज्ञबाईंनी कळवलं, अगदी सौम्य शब्दांत:
दगडाखाली दबून ताणला गेला असेल,
एखादा मासा असतोही थोडा वेगळा,
किंवा मोजणारीचे डोळे.
(शेवटचं त्यांनी लिहिलं नव्हतं. मी वाचलं.)

मग एका दुपारी, वीज गेलेली,
उखाजींनी तांब्या उचलला
आणि सरळ माशावर ओतला.
मी किंचाळलेच.
'सुका मासा कोन्ले वळखू येस, ताई?
त्याले वल्ला करा.'
तापीकाठचा कोळी माणूस.
त्यांनी दगड खिडकीकडे तिरका धरला,
बाजारात ताजेपणा बघतात तसा.

खवले पेटले. मधाच्या रंगाचे, एकेक.
कल्ल्यामागून एक बारीक टिंबांची रेघ निघाली,
पराखाली वळली, जिथे कुणाचीच वळत नाही.
आणि गालफडावरची ती भेग,
जिला मी चार महिने भेग म्हणत होते,
चित्रात जी मी मुद्दाम गाळली होती,
ती भेग नव्हती. सांधा होता.
बाकी सगळ्यांना तिथे एक हाड.
याला दोन.

'हाऊ तयले चरे,' उखाजी म्हणाले,
'तोंड देखा ना, खाले शे.'
मी ते इंग्रजीत लिहिलं, चार ओळींत,
कर्मणी प्रयोगात.
कोणी पाहिलं, ते त्यात बसेना.

नावाचं विचारलं तर हसले.
'मन्हं नाव मन्हाकडेज राहू द्या, रेशन कार्डले लागस.
सरस्नं द्या.'

निबंध गेलाय. परत येईल, लाल खुणा घेऊन,
पुन्हा जाईल.
पण ठरलंच, तर उद्या जगात कुठेही
याचा भाऊबंद खडकातून निघाला
तरी त्याला याच्याशीच ताडून बघतील,
बोरीकाठच्या या खोलीत,
जिथे पंखासुद्धा धड फिरत नाही.

पाणी वाळलं तशी ती रेघ
परत दगडात गेली.
जुन्या चिठ्ठीवरचं 'नंतर' मी खोडलं नाही.
त्याच्यापुढे पेन्सिलनं तारीख घातली.
तांब्या आता कपाटातच असतो,
माशाच्या शेजारी, पालथा.