डोळा भरताना

चाकू इथं सही करून मिळतो.
सातला न्यायचा, पाचला परत,
पातं पुसून.
रजिस्टरात नाव कचरू.
माझ्या आधीची दोन लेकरं गेली,
म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवून उचललं
आणि हेच नाव दिलं, कुणाची दृष्ट लागू नये.
जालन्यात पोरांनी त्याचं के. डी. केलं.
भंगाराच्या गाड्या के. डी. भाईला विचारून
एमआयडीसीत शिरायच्या.

नऊ वर्षं हर्सूल. मग इथं, पैठणला,
खुल्या कारागृहात. भिंत नाही.
पहिल्या रात्री झोप आली नाही,
कुणी कुलूपच लावलं नाही म्हणून.

सांडूमामा जन्मठेपेचा. बांधावरून भाऊ मारलेला.
रोपवाटिका त्याच्याकडं.
म्हणला, "धर चाकू. अन् थरथरू नको,
झाडाला कळतंय."
रंगपूर लिंबाचा खुंट, करंगळीएवढा.
आडवी चीर, मग उभी, सालीपुरती.
"लाकडाला लागलं की गेलं.
एवढं उथळ कधी कापलं नसशील तू."
नव्हतंच कापलं.

मग मोसंबीच्या काडीवरून त्यानं डोळा काढला.
डोळाच म्हणतात त्याला,
दुसरा शब्द मी विचारून बघितला, नाही.
नखाएवढी साल, मधी फुगीर टिंब.
मी उठलो, नळाकडं गेलो.
"काय झालं रे?"
ऊन, म्हणलो.

मुंजा ढवळे. वय एकोणीस.
वजनकाट्यावर पावत्या फाडायचा.
आमची गाडी त्यानं दुसऱ्यांदा काट्यावर घेतली
आणि खरं वजन लिहिलं.
एवढंच.
डावा डोळा.
कोर्टात त्याची आई
माझ्या तोंडाकडं बघत नव्हती.
सगळा वेळ हाताकडं.

त्या दिवशी मी चाळीस भरले.
वरून पट्टी आवळली, डोळा तेवढा उघडा ठेवून.
एकवीस दिवसांनी सोडल्या,
तर चौतीस काळे.
सहा हिरवे.
"माझे तर सगळेच मेले होते," मामा म्हणला
आणि बिडी पेटवली.
मी उकिडवा बसून परत मोजले.
सहाच.

माफी इथं दिवसांत मिळते.
वागणूक बरी, काम बरं,
माझ्या नावावर चारशे बारा दिवस जमा आहेत.
साहेबांनी कागद दाखवला तेव्हा
मी विचारणार होतो,
हे मुंजाला कळवलं का.
विचारलं नाही.

त्याला पत्र तीनदा लिहिलं.
पहिल्यात 'पण' फार होते.
दुसऱ्यात माझंच रडगाणं,
आई, उकिरडा, सगळं.
तिसऱ्यात सात ओळी. टाकलं.
परत आलं. पोस्टमनच्या लाल अक्षरात:
घेण्यास नकार.
हातात तोललं असेल त्यानं.
वजन त्याला कळतं.

डोळा फुटला की खुंटाचं वरचं सगळं
छाटून टाकायचं. लोकांना वाटतं
झालं आता, मोसंबी झाली.
मामा म्हणतो, मूळ कुठं बदललंय?
जोडाच्या खालून रंगपूर फुटत राहतं,
काटेरी, जोमदार,
झाड म्हातारं झालं तरी.
खुडत राहायचं.

काल सकाळी पाहिलं,
सहातल्या एकाला खालून कोंब आलेला,
कोवळा, तांबूस,
खरं सांगतो, मोसंबीहून देखणा.
चाकू अजून मिळायचा होता.
अंगठ्यानंच मोडला.

दुपारी जेवताना
भाकरीला लिंबाचा वास येत होता.