पन्नास सायकल

हुराच्या गल्लीतलं हॉटेल, तळमजल्यावरचा बार.
मी वीज सांभाळायचो, इनास तुस्कानो ऑर्गन.
माझ्याकडे पक्कड, टेस्टर, फ्यूजची तार.
त्याच्याकडे ते लाकडी धूड,
चौघांशिवाय न हलणारं,
पोटात एक्क्याण्णव दातेरी चाकं.

चालू करायची रीत होती.
पहिला खटका दाबून आठ मोजायचे,
चाकं धापा टाकत वेग घेतात,
मग दुसरा दाबायचा, मग पहिला सोडायचा.
इनास मोजायचा नाही.
अर्धी नमो मरिया झाली
की चाकं लागलेली असायची.

ऑर्गन वाढलेला पुलापलीकडे,
दहरानच्या तेलवाल्या गोऱ्यांच्या छावणीत.
तिथली वीज साठ सायकलची, बहारीनची पन्नास.
ट्रान्सफॉर्मर लावून मी व्होल्ट उतरवले,
सायकल माझ्या हातातली नव्हती.
चाकं सावकाश फिरायची.
पांढरी एक दाबावी
तर खालची पांढरी सहा बोलायची,
तीही नीट नाही.

कोचीचा बिजुमोन आला बॅग घेऊन.
मोटर बदलू, म्हणाला,
नाहीतर आत एक डबी बसवू,
हवी ती पट्टी बटणावर,
फक्त मागे एक भोक पाडावं लागेल.
इनासने त्याला चहा पाजला, समोसा खिलवला.
भोक नाही पाडायचं, म्हणाला.

मग त्याने हातच सरकवले, तीन पट्ट्या वर.
पांढरी एक हवी? काळी दोन दाब.
पांढरी चार हवी? काळी चार.
जुनी गाणी, नवी गाणी, नाताळची, अरबी लग्नातली,
सगळी एका रमझानात नव्याने बसवली,
बार बंद, एसी बंद, बनियनवर.
तरी केसभर सूर उतरलेलाच राहायचा.
तो केस बँडने वाटून घेतला.
गिटारच्या खुंट्या सैल,
सेबूच्या रोवेनाचा गळा सैल.
दुसऱ्या हॉटेलात गाऊन आली की म्हणायची,
तिकडे सगळे ओरडतात.

वर्षातून एकदा तेल.
नरसाळ्यात थेंब थेंब,
तिथून सुताच्या दोऱ्यांनी चाकांपर्यंत,
पोचायला आठवडा.
मी म्हणालो, प्रेशरने मारू का?
तो म्हणाला, आमच्या गासच्या देवळात पायपेटी होती.
तिला उंदीर लागले. याला तेल लागतं.
एवढ्यावर भागतंय, तू पक्कड ठेव.

अकराव्या वर्षी दहरानहून बोलावणं आलं,
छावणीतला कुणी म्हातारा निवृत्त होत होता.
चादरीत गुंडाळून आम्ही धूड ट्रकवर चढवलं.
पुलावर कस्टमवाल्याने मागची फळी काढायला लावली,
टॉर्च मारून बराच वेळ चाकं बघितली,
विचारलं, काय बनवतं हे?
इनास म्हणाला, काही नाही.

तिथे खटका, नमो मरिया, दुसरा खटका.
चाकं इतकी भरभर
की फळी थरथरली, मी हात मागे घेतला.
इनासने बोटं ठेवली, ठेवायची तिथेच,
आणि सूर तीन पट्ट्या वर उडाला.
रोवेनाचा आवाज पहिल्याच ओळीत फाटला.
म्हातारा टाळ्या वाजवत होता, त्याला कळलं नाही.
इनास हातांकडे बघत राहिला,
दुसऱ्याच कुणाचे हात असावेत तसा.
मग एकेक बोट खाली आणत,
शाळेतल्या पोरासारखा,
साडेअकरापर्यंत रेटलं.
एवढं चुकताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

शेवटचं गाणं संपलं. लोक पांगले.
त्याने दोन्ही हातांनी सूर धरले
आणि कोपराने दुसरा खटका पाडला.
चाकं मंदावू लागली.
सूर घसरत, घसरत खाली,
आणि वाटेत क्षणभर,
रोवेनाने वायर गुंडाळता गुंडाळता मान वर केली,
वाटेत क्षणभर
हुराचा बार लागून गेला.
तिथे तो थांबणार नव्हताच.
खाली गेला, घुमला, गेला.

इनास उठला.
चादरी कुठे ठेवल्यास, म्हणाला.