पंचेचाळीस वजा दोनशे अठ्ठ्याऐंशी

सातपूरला दुसऱ्या मजल्यावर बसून
मी तारखा सोलते.
पंधरा ऑक्टोबर : महिना निघतो, वार निघतो,
कुणाचा वाढदिवस असेल तर तोही,
आत उरते एक बी,
दोनशे अठ्ठ्याऐंशी.

ह्याला ज्युलियन म्हणतात. का, ते विचारू नये,
नावं अशीच चिकटतात.
आज्ञा एका ओळीची. तारीख, स्वल्पविराम, ज्युलियन सात,
शेवटचं टिंब विसरायचं नाही.
चार हजार प्लॉट, चार हजार छाटण्या.
एंटर.

मोहाडीचे कोंडाजी गटकळ, प्लॉट सतरा.
छाटणी दोनशे अठ्ठ्याऐंशी,
खुडा पंचेचाळीस.
वजाबाकी म्हणाली, उणे दोनशे त्रेचाळीस दिवसांत माल तयार.
म्हणजे घड आधी, काडी नंतर;
पेटी रॉटरडॅमला उतरली,
मग इकडे कात्रीला धार लावली.

फोन केला. दादा, आज कितवा दिवस?
मागे ब्लोअरचा आवाज, तरी उत्तर तयारच होतं :
"एकशे बावीस. साखर अठराच्या वर. गाडी कधी लावताय?"
त्यांच्या वर्षात एकतीस डिसेंबर मध्ये येत नाही.
कात्री चालली, तिथून एक.

मी अट लिहिली :
उत्तर उणे आलं तर तीनशे पासष्ट मिळव.
लीप असेल तर एक जास्त.

लीप.
दोन हजार वीस, तीनशे सहासष्ट.
हा आकडा फाइलीत नाही, माझ्याकडे आहे.
बिटकोचा वॉर्ड, दुपारचे तीन, आईचं घड्याळ
पिशवीत घालून एकाने हातात दिलं. सही घेतली.
रामकुंडावर गुरुजींनी बोटांच्या पेरांवर मोजलं,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया.
दरवर्षी येईल, म्हणाले.
माझ्या हिशोबात पुढची तीन वर्षं ती येतच नाही.
जेवणाच्या सुट्टीत एकदा टाकून पाहिलं,
दोन हजार एकवीस, तीनशे सहासष्ट.
लॉगमध्ये एक तक्रार,
आणि रकान्यात नुसतं टिंब.

डबा धुऊन आले. अट तपासली, पुन्हा चालवली.
प्लॉट सतरा : एकशे बावीस.
गटकळांना कळवलं, तुमचा आकडा बरोबर आहे.
"तो कधी चुकला होता?" ते म्हणाले.
"ऊन उतरलं, ताई. गाडीचं सांगा."