एक दिवसाआड

चौतीस वर्षं मी नर्मदा आणली इंदूरला.
मी म्हणजे मी आणि आणखी हजारभर माणसं,
पण घरी मी असंच सांगत आलो.
अन्नपूर्णेच्या मागच्या गल्ल्यांत
कुठला व्हॉल्व किती आटे फिरवायचा,
अजूनही झोपेतून उठवून विचारा.

आता एकाहत्तराव्या वर्षी
कुणीतरी माझ्याच हातावर ते काम काढलंय.
गार खोली, गार जेल.
राठौरांची निकिता, आमच्या सुदामानगरचीच,
कोपराखाली पट्टा आवळते.
"अंकल, पाँच मिनट. हिलना नहीं."
हात आधी मुंग्यांचा होतो,
मग लांबच्या गावचा,
मग कुणाचाच नाही.
पडद्यावर दोन पांढुरक्या रेघा
आणि मधे वाट बघत बसलेला अंधार.

मग ती पट्टा सोडते.

मला वाटलं, पाणी सुटल्यावर होतं तेच होणार:
आधी हवा फुसफुसणार, मग गढूळ, मग धार,
पाइप आपला आहे तेवढाच.
पण इथे पाइपच रुंदावतो.
आलेल्याला जागा द्यायला
भिंत जरा सरकून बसते,
टेम्पोत कुणी सरकावं तशी.
बिडाला हे कधी जमलं नाही.
बिड फक्त आतून खडे धरतं
आणि एके रात्री कुणाच्या तरी दारात फुटतं.
(धाकटा भाऊ माधव असाच गेला, दुकानाचं शटर ओढताना.
तेव्हा आम्ही म्हणालो, अचानक.)

"किती?"
"तीन परसेंट. थोड़ा कम है, अंकल."

म्हणून लालबाग. बारा आठवडे, एक दिवसाआड.
चार मिनिटं धाप लागेल असं, तीन मिनिटं हळू.
बरोबर बँकेतले ताटके,
चार मिनिटं फक्त तेच गप्प असतात,
आणि फाटकाबाहेर पोह्यांवर शेव जास्त मागतात.
मी कोरड्या दिवशी चालायचो.
पाण्याच्या दिवशी घरी थांबायचं, हे मीच ठरवलं.
थांबायचं म्हणजे खुर्चीत.

शेवटच्या तपासणीला कुमुद सोबत आली.
माझे झाले साडेचार.
दीड टक्का! निकिताला वाटलं, मी नाराज होईन.
अगं, दीड टक्का गळती शोधायला
रात्री दोनला रस्त्याला कान लावून
मी उभी हयात घालवली आहे.
मग ती सहज म्हणाली, आंटी, आप भी?

कुमुदचा हात. कोपराला भाजल्याचा जुना डाग.
पाच मिनिटं. पट्टा सुटला
आणि त्या रेघा अशा बाजूला झाल्या
जशी मांडवात बायका वाट करून देतात.
सात.
निकिताने पुन्हा मोजलं. सात.
"आंटी, आप क्या करती हैं?"

कुमुद जरा विचारात पडली.
"काही नाही गं. पाणी भरते."

दुसरा मजला, छत्तीस पायऱ्या.
वर प्रेशर चढत नाही.
मोटर लावणं नियमात बसत नाही,
आणि मी नियमातला माणूस.
लोकांच्या अर्जांवर मीच लिहायचो:
तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.
खाली नळ, वर पिंप, मधे ही,
एक दिवसाआड, तीस वर्षं,
दोन्ही हातांत बादल्या.

रिक्षात ती एवढंच म्हणाली,
"म्हणजे तुमच्या खात्याने मला काहीतरी दिलं म्हणायचं."
बोलली आणि बाहेर बघत बसली.
रागात होती की मजेत, ते मला
चौतीस वर्षांच्या अनुभवावर कळलं नाही.

आज पाण्याचा दिवस.
पहाटे साडेपाच, नळ खोकतोय.
मी खाली आलो, बादली लावली.
तिने पाहिलं, निम्मं पाणी कुंडीत ओतलं.
"अर्धीच न्या.
आणि वळणावर दम खायला थांबलात तर कडेला उभे राहा,
मागून मी येते आहे."