म्हापणची मादी

कुडाळात रात्री नवानंतर
माणसांचे गुडघे आणि मणके संपले
की मशीन आमचं.
ऑगस्तीन कपाटातून फॉर्मालिनची बरणी काढतो.
वनखात्याचा शिक्का, खाली माझं अक्षर:
केलडी, मादी, वय अंदाजे अकरा, विजेची तार, म्हापण.
माणसांच्या कानांत आम्ही कापूस घालतो.
हिला लागत नाही.

धडधड थांबली की पडद्यावर काप येतात,
अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे,
अडकित्त्याने कातरलेल्या ओल्या सुपारीसारखे:
करडं, पांढरं, आत वळत गेलेली रेघ.
एकेका कापावर मी माऊसने कड आखते.
क्षेत्रफळ गुणिले जाडी, मग बेरीज.
घावण्यांची चळत मोजावी तसं.

कानामागे खोल, वाटा लक्षात ठेवणारा एक भाग असतो.
त्याला नाव समुद्रघोड्याचं.
रापणीत कधी एखादा येतो,
सुकला तरी शेपूट वळलेलीच.
डावा मी दोनदा मोजला.
सोमवारी दोनशे एक्क्याऐंशी घनमिलिमीटर,
शनिवारी दोनशे चौऱ्याण्णव.
मेंदू तोच, हातही माझाच.
हे तेरा मी सोमवारी हरवले
की शनिवारी कुठून आणले?
अहवालात याला चूक म्हणत नाहीत.
फरक म्हणतात.

बाबांना सांगायचं नव्हतं, सांगितलं.
"केलडीच्या टकलेत काय आसता, ता माका इचार,"
म्हणाले, आणि नुकसानीची वही काढली.
विहिरीकडचा बरका: पिकायच्या आदल्या दिवशी.
कापा: तीन दिवस थांबून.
कुंपण घातलं, त्याच संध्याकाळी आंब्यावरून.
मी गलोल घेऊन असलो तर नाही,
नुसती काठी असली तर येते.
पोर पोटाला. कान फाटका.

कुठला कान?
"डावो."

बरणीत कान नव्हते.
माझ्या नोंदीत होता, तिसऱ्या ओळीत,
जुनी चीर, भरलेली.

वही उघडीच राहिली मांडीवर.
बऱ्याच वेळाने विचारलं,
"म्हंजे केवडो गो, तो घोडो?"
मी करंगळीचं अर्धं पेर दाखवलं.
"येवड्यात माजी सगळी झाडा?"

विहिरीकडचा फणस त्या आठवड्यात
झाडावरच फुटला. माश्या घोंगावत होत्या.
बाबांनी तो उतरवला नाही, वहीतही लिहिला नाही.

उजवी बाजू अजून मोजायची आहे.