दोन बाटल्या

शर्यत संपते तिथे माझी ड्युटी सुरू होते.
पंधराशे मीटर, मुली, बेळगाव.
वैजू बिर्जेच्या पोटऱ्यांवर तांबडी माती घामाने अजून ओली
आणि मी तिच्या मागे दोन पावलांवर,
गळ्यात कार्ड, हातात फॉर्म.
फॉर्म इंग्रजीत, भिंतीवरच्या सूचना कन्नडात,
मराठीत समजावायचं ते माझ्यावर.

"आता माझ्या नजरेआड जायचं नाही."
"आईला फोन?"
"माझ्यासमोर."
"आणि लघवी?"
"तीही."

सकाळी आमची गाडी गेटातून आत आली
तेव्हा यादीत सतरा नावं होती.
दुपारी रेषेवर नऊ.
कुणाचा पाय मुरगळला, कुणाची आजी वारली,
कुणाची पाचची धारवाड गाडी अकरालाच सुटली.
दिवसातला सगळ्यात मोठा वेग मी तिथे बघितला,
गेटाकडे जाणारा.

पाण्याच्या चार बाटल्या झाल्या, येत नाही.
नव्वद मिली लागते.
नव्वदच्या खाली शास्त्र कामालाच लागत नाही.

दोन तास बाकावर.
तिने हलशीच्या चढाचं सांगितलं, पहाटेच्या कुत्र्यांचं,
सिद्राय सरांचं, जे सायकलवरून शिट्टी मारत मागे येतात
आणि रात्री एक कॅप्सूल देतात. ताकदीची.
"नाव काय तिचं?"
"डब्यावर पट्टी चिकटवलीय."
मग ती एकदम गप्प.
फॉर्मवर तिनं लिहिलं: लोहाची गोळी. व्हिटॅमिन.

मलाही कुणी असं बसवलं असतं,
तिसरी आले असते तर.
चौथीला कोण तपासतं?
तिसरी मंदाकिनी होती. तिनं बाटली दिली,
बाटली काही बोलली नाही.
बारा वर्षांनी काकती फाट्यावर भेटली,
आवाज जाड, हनुवटीवर पदर धरलेला.
"गे, मी घेतलेलं. त्यानं दिवस मोजून दिलेलं.
कधी थांबायचं ते आधीच ठरलेलं.
कागदावर मी आजही साफ आहे बघ.
बाटली नाही म्हणाली.
तू तरी होय म्हण की."
मी काय म्हणणार होते?
माझी बस आली.

ट्रेनिंगला सांगितलं होतं,
शंभर बाटल्यांत एखाददुसरी बोलते.
नाव न घालता चिठ्ठी भरायला दिली
तर कबूल करणारे कितीतरी जास्त.
मी विचारलं, म्हणजे बाटलीपेक्षा चिठ्ठी खरी?
साहेब हसले. चहा आला.

सात वाजता तिला आली.
बाह्या कोपरापर्यंत, पँट गुडघ्यापर्यंत, बनियन छातीपर्यंत वर.
मी बघते. बघणं हाच नियम.
मांडीवर एक निळसर ठिपका.
डासाचाही असेल, नंदगडला डास काही कमी नाहीत.
ठिपक्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

तिनेच ओतलं, तिच्याच हाताने,
आधी बी बाटलीत, मग ए बाटलीत.
झाकण फिरवलं तशी दाते बोलले,
कट्, कट्, कट्.
ते एकाच बाजूला फिरतं.
"आता मला उघडायचं म्हटलं तर?"
"नाही येणार."
"तुम्हाला?"
"मलाही नाही. ए लॅबमध्ये जाईल. बी थंडीत ठेवतील.
ठरवलं तर दहा वर्षं."
ती बोटांवर मोजत होती.
"तेव्हा मी एकोणतीस."
तिच्या तोंडावर आलं ते भय होतं की हायसं वाटणं,
हे मला आजही सांगता येत नाही,
आणि मी तर बघण्याचाच पगार घेते.

बाहेर अंधार. खानापूरची शेवटची गाडी
स्टँडातून निघालेली, क्लीनर दारात लोंबकळलेला.
"ताई, आता मागे येऊ नका हं,"
म्हणाली आणि सुटली,
खांद्यावर पिशवी, पायात चपला,
दोन रिक्षांच्या मधून, फुटपाथ सोडून,
गुडघे असे उचलत
की माझेच पाय जागच्या जागी आखडले.

पकडली तिने गाडी.
घड्याळ कुणी लावलं नव्हतं.